दारात आलेला जड खोका: अमेरिकेतली ऑनलाइन काडतुसं, वयाची तपासणी आणि आपण आईबाप

मार्चमधली शनिवारची सकाळ होती. मी पोह्यांना फोडणी देत होते आणि सोळा वर्षांचा माझा मुलगा दारातून एक खोका उचलून आत आला. खोका बुटांच्या खोक्याएवढाच, पण त्याने तो ओट्यावर ठेवला तेव्हा कढई हलली. "आई, आजीचा पाटा मागवलास का?"

खोक्यावर नाव आमचं नव्हतं, शेजारच्या आजोबांचं होतं. पोचवणाऱ्याने घराच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे वाचलेले. वर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापलेला, त्याची वरची आणि खालची टोकं काळी, मधला भाग पांढरा. आत काय आहे याबद्दल एक अक्षर नाही. आम्ही दोघांनी मिळून तो खोका शेजारी नेला. आजोबांनी आमच्यासमोरच चिकटपट्टी कापली. आत नाइन एमएम पिस्तुलाच्या काडतुसांच्या पन्नास-पन्नासच्या वीस डब्या. हजार काडतुसं, वजन बारा किलोच्या आसपास. जत्रेत चुरमुऱ्यांचं पोतं घ्यावं तशी मागवलेली.

आजोबा सज्जन आहेत. त्यांच्या बंदुका तिजोरीत असतात, काडतुसं गॅरेजमधल्या वेगळ्या कुलपात. मी कशाने अस्वस्थ झाले ते त्यांना कळेना. त्यांनी कायद्याने मागवलेली वस्तू कायद्यानेच आली होती. पण ती सही न घेता, घंटी न वाजवता आली आणि सोळा वर्षांच्या मुलाने उचलली, हे माझ्या डोक्यातून जाईना.

त्याचं एक कारण माझी नोकरी. मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या दक्षिणेला एका फार्मसीत काम करते. नाक चोंदलं म्हणून कुणी स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या मागितल्या, तर त्या कपाटावर नसतात, काउंटरच्या मागे असतात. मी फोटो असलेलं ओळखपत्र घेते, नाव-पत्ता नोंदवते, सही घेते. एका दिवसात ३.६ ग्रॅम आणि तीस दिवसांत ९ ग्रॅमपेक्षा जास्त विकायचं नाही. २००५चा संघीय, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेला, कायदाच तसा आहे, कारण त्या गोळ्यांपासून मेथ नावाचा अमली पदार्थ बनवतात. सर्दीने बेजार झालेल्या माणसाला मी रोज हे सोपस्कार करायला लावते. काडतुसांसाठी यातलं काहीही संघीय कायदा सांगत नाही.

तेव्हापासून मी जे वाचलं, विचारलं, करून बघितलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही. बंदूकविरोधी मोर्चाही काढायचा नाहीये. देवगडला माझ्या काकांकडे वानर-डुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, तिचा आवाज ऐकतच मी मोठी झाले. हे लिखाण अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांसाठी आहे, मग त्या घरात बंदूक असो वा नसो.

आधी सांता फेबद्दल

आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत सांता फे नावाचं गाव आहे. १८ मे २०१८ला तिथल्या हायस्कूलमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने आठ विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांना मारलं. बंदुका वडिलांच्या होत्या, एक शॉटगन आणि एक पॉइंट थर्टी-एट रिव्हॉल्वर. काडतुसं मात्र त्याने स्वतः मागवली होती. टेनेसीतल्या एका ऑनलाइन दुकानातून, प्रीपेड गिफ्ट कार्डाने, शंभराहून जास्त. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांनी दुकानावर खटला भरला. त्यांचं म्हणणं असं, की दुकानाने वय विचारलं नाही, एका चौकटीत टिक मारायला सांगितली आणि सौदा पुरा केला. दुकानाने बंदूकउद्योगाला संरक्षण देणाऱ्या २००५च्या कायद्याचा आधार घेतला, पण टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये खटला थांबवायला नकार दिला. २०२३मध्ये तडजोड झाली आणि गिऱ्हाइकाचं वय तपासणारी व्यवस्था ठेवायचं दुकानाने मान्य केलं.

म्हणजे त्या एका दुकानाने मान्य केलं. कायदा होता तिथेच राहिला.

कायदा काय म्हणतो

हे नीट समजून घ्या, कारण "अमेरिकेत एकवीसच्या आत मिळत नाही" असं महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत छातीठोकपणे सांगणारे भेटतात आणि ते अर्धंच खरं असतं.

१९६८चा गन कंट्रोल ॲक्ट म्हणतो की परवानाधारक दुकानदाराने रायफल-शॉटगनची काडतुसं अठराच्या आतल्याला आणि पिस्तुलाची काडतुसं एकवीसच्या आतल्याला विकू नयेत. या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात टपालाने काडतुसं मागवणंही बंद केलं होतं आणि विक्रीची वही ठेवायला लावली होती. १९८६मध्ये नवा कायदा आला आणि ही दोन्ही बंधनं उठली. वही गेली, घरपोच मागवणं पुन्हा सुरू झालं. तेव्हा इंटरनेटवरची दुकानं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे ती आली तेव्हा दार उघडंच होतं.

आता बारकावे. नुसती काडतुसं विकायला संघीय परवाना लागत नाही. बंदूक विकायला लागतो, काडतुसांना नाही. एकवीसचा नियम परवानाधारकांना बांधतो. बिनपरवाना विकणाऱ्यावर संघीय बंधन एवढंच, की पिस्तुलाचं काडतूस अठराच्या आतल्याला विकू नये. दुसरा बारकावा असा की काही काडतुसं दोन्हीकडे चालतात. पॉइंट टू-टू घ्या, ते पिस्तुलातही बसतं आणि रायफलमध्येही. अशा वेळी गिऱ्हाईक रायफलसाठीच घेतोय अशी दुकानदाराची खात्री पटली, की तो अठरा वर्षांच्या मुलाला विकू शकतो. खात्री पटवायला "रायफलसाठी हवंय" हे मुलाचं वाक्य पुरतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गुन्हा होतो तो "माहीत असताना" किंवा "तसं मानायला सबळ कारण असताना" विकण्याचा. ओळखपत्र मागा, असं संघीय कायदा ऑनलाइन विक्रेत्याला कुठेही सांगत नाही. बंदूक घेताना पार्श्वभूमी तपासतात ती व्यवस्था काडतुसांना लागू नाही. पार्सल देताना मोठ्या माणसाची सही घ्यायचीही सक्ती नाही. न विचारणाऱ्याला माहीत कसं होणार? टिक मारायच्या त्या चौकटीचा जन्म कायद्याच्या या शब्दांतून झाला आहे.

राज्य बदललं की नियम बदलतो

नोकरीसाठी राज्य बदलणारी आपली माणसं इथे हमखास गोंधळतात. टेक्सासमध्ये संघीय कायद्यापलीकडे ऑनलाइन काडतुसांवर वेगळं काही नाही. इलिनॉयमध्ये राज्याचं ओळखकार्ड लागतं आणि बाहेरच्या दुकानाला त्याची प्रत पाठवावी लागते. न्यू जर्सीत पिस्तुलाच्या काडतुसांना राज्याचं ओळखपत्र किंवा परवाना लागतो, मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटमध्येही कागद लागतात. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३पासून काडतुसाच्या प्रत्येक खरेदीला राज्य पोलिसांमार्फत तपासणी होते.

कॅलिफोर्नियाची गोष्ट लांबलचक आहे. २०१६मध्ये मतदारांनीच काडतुसांच्या विक्रीवर बंधनं घालणारा प्रस्ताव ६३ मंजूर केला. २०१८पासून ऑनलाइन मागवलेली काडतुसं घरी न येता परवानाधारक दुकानात येऊ लागली आणि १ जुलै २०१९पासून प्रत्येक खरेदीला तपासणी सुरू झाली. त्यावर न्यायालयात झुंज चालली आहे. सॅन डिएगोच्या संघीय न्यायाधीशांनी हा कायदा दोनदा घटनाबाह्य ठरवला, आणि जुलै २०२५मध्ये वरच्या न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानेही बहुमताने तेच म्हटलं. तेव्हा बे एरियातल्या मंडळींनी कुणाच्या जुन्या पोस्टवर विसंबू नये. राज्याच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावर आजचा नियम बघावा.

व्हिसावर असाल तर हा भाग दोनदा वाचा

माझा भाचा डॅलसजवळ एमएस करतो, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर. एके रविवारी त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला: कानावर मोठे हेडफोन, हातात पिस्तूल, मागे कागदी निशाण. आत्यांनी शाबासकीचे अंगठे टाकले, कुणीतरी "वाघ रे वाघ" लिहिलं. मी त्याला फोन करून तो फोटो आधी ग्रुपवरून काढून टाकायला लावला, मग कारण सांगितलं.

नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. एफ-वन, जे-वन, एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, आणि नातवंडं बघायला बी-टू व्हिसावर आलेले आजी-आजोबा, सगळे त्यात आले. एक काडतूससुद्धा पुरतं. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणंही बाळगण्यातच मोडतं. २०२२च्या कायद्याने या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहावरून पंधरा वर्षांवर नेली, आणि व्हिसाचं जे होईल ते वेगळंच. अपवाद आहेत. नेहमीच्या माणसाला लागू पडेल असा एकच, की राज्याचा चालू शिकारपरवाना असला तर ही मनाई लागू होत नाही. पण त्याच्या भरवशावर काही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजच्या काउंटरवरच्या पोराला नको. भाच्याला तिथे कुणी व्हिसा विचारला नव्हता. त्याने एका कागदावर सही केली होती आणि कागदात काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही मनाई नाही. पण आपल्याकडे सर्रास दिसणारं एक घर डोळ्यासमोर आणा: आईबाप एच-वन-बीवर, मुलगा इथेच जन्मलेला, नागरिक. तो अठरा वर्षांचा झाला, त्याने रायफलची काडतुसं मागवली. त्याच्यापुरतं ते कायदेशीर आहे. पण काडतुसं ठेवली कुठे? आईबापांच्या कपाटात. ती त्यांच्या ताब्यात आहेत असा अर्थ कुणी काढला, तर अडचणीत येणार ते आईबाप. अठरावा वाढदिवस यायच्या आधी हे मुलाला समजावून सांगा. रागाने सांगितलं तर ऐकणार नाही. कागद दाखवून सांगितलं तर ऐकतात, निदान आमचा ऐकतो.

स्वतः जाऊन बघा

एका रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले आणि चार दुकानांच्या साइटवर गेले. आमचे हे मागून डोकावून म्हणाले, "आता एफबीआय तुला उचलणार." पैसे भरायच्या पानापर्यंत गेले आणि चारही ठिकाणी थांबले. तुम्हीही करून बघा. तिथे पैसे भरू नका आणि खातंही उघडू नका.

पहिल्या साइटने दारातच विचारलं, वय पुरं आहे का? हो किंवा नाही. दारूच्या कंपन्यांच्या साइट विचारतात तसंच. दुसरीने जन्मतारीख टाकायला लावली. मी मुलाच्या जन्माचं साल टाकलं तर नाही म्हणाली. पान नव्याने उघडून माझं टाकलं तर या म्हणाली. तिला एवढंच कळतं की भूतकाळातली पुरेशी जुनी तारीख हवी. तिसरीने ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो मागितला. चौथीचा प्रकार वेगळा: नाव, पत्ता, जन्मतारीख लिहिली की ती सार्वजनिक नोंदींशी ताडून बघते, असा माणूस खरोखर आहे का आणि तो वयात बसतो का.

तिसरी आणि चौथी पद्धत पहिल्या दोनपेक्षा कितीतरी बरी. पण चौथीत एक भोक आहे, आणि ते आपल्याच घरात आहे. ती पद्धत "असा माणूस आहे का" एवढंच बघते, टाइप कोण करतंय ते तिला दिसत नाही. आईची जन्मतारीख कुठल्या मुलाला पाठ नसते? म्हणून लायसन्स, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे आणि कार्डं यांचं जे आपण एरवी बँकेच्या भीतीने करतो, ते या कारणासाठीही करा. माझं लायसन्स वर्षानुवर्षं दाराशेजारच्या वाडग्यात किल्ल्यांसोबत पडलेलं असायचं. आता पर्समध्ये असतं.

तपासणी करता येतच नाही, असं मात्र नाही. २०२४मध्ये अलाबामा, ओक्लाहोमा आणि टेक्सासमधल्या काही किराणा दुकानांत काडतुसं विकणारी यंत्रं बसवली गेली. चिप्सचं पाकीट पडतं तशी डबी पडते. ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. पण ते यंत्र ओळखपत्र स्कॅन करतं, समोरचा चेहरा फोटोशी जुळवतं आणि एकवीसच्या आतल्याला काही देत नाही. म्हणजे किराण्यातलं यंत्र घरातल्या लॅपटॉपपेक्षा कडक निघालं. वॉलमार्टनेही २०१८मध्ये स्वतःहून बंदूक-काडतुसांचं वय एकवीसवर नेलं आणि पुढच्या वर्षी पिस्तुलाची काडतुसं विकणंच थांबवलं.

पार्सल आणि पैसे

अमेरिकेचं टपालखातं काडतुसं नेत नाही. त्यामुळे ती येतात यूपीएस किंवा फेडेक्ससारख्या कंपन्यांकडून, जमिनीवरून, आणि खोक्यावर बहुधा तो काळी टोकं असलेला चौकोन असतो. त्या चौकोनाचा अर्थ "थोड्या प्रमाणात धोकादायक माल" इतकाच. नेलपॉलिश, परफ्यूम, स्प्रे यांच्या खोक्यांवरही तो असतो, म्हणून चौकोन दिसला की पोरावर तुटून पडू नका. चौकोन आणि वजन मिळून विचार करा. लहान खोका, आणि उचलताना कंबर आठवली, तर विचारा.

या दोन्ही कंपन्यांची फुकट सूचनासेवा असते. पत्ता नोंदवला की येणाऱ्या पार्सलची खबर आधी फोनवर येते. नोंदवताना घरातल्या सगळ्यांची नावं घाला, मुलाचं शाळेतलं छोटं केलेलं नावही. नाहीतर "ओम" नावाने आलेलं पार्सल "ओंकार"च्या यादीत दिसणार नाही. हे मी चोरून केलं नाही. मुलाला शेजारी बसवून केलं. त्याने डोळे फिरवले आणि मग माझ्यापेक्षा लवकर तो फॉर्म भरून दिला.

पैशांचं म्हणाल तर बँकेच्या पत्रकावर जे दिसतं ते लपवायचं नसतंच. लपवायचं ते गिफ्ट कार्डाने होतं. दिवाळी, वाढदिवस, मंडळाची बक्षिसं या सगळ्यांत आपण मुलांना कुठेही चालणारी प्रीपेड कार्डं वाटत सुटतो. मी ते बंद केलं. पुस्तकांच्या दुकानाचं, सिनेमाचं, जेवणाचं कार्ड देते. आजी रुपयेच देते, त्याला काही करता येत नाही.

विचारायला लाजू नका

सीक्रेट सर्व्हिस या अमेरिकी सरकारच्या सुरक्षासंस्थेने २०१९मध्ये शाळांतल्या हल्ल्यांचा अहवाल काढला होता. बंदुकीने झालेल्या २५ हल्ल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून थोड्या अधिक हल्ल्यांत बंदूक आईबापांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातली होती. त्यामुळे आपलं घर तपासून भागत नाही. मूल ज्या घरी रात्री झोपायला जातं, ते घरही आलं.

टेक्सासमध्ये हा प्रश्न विचारणं म्हणजे कुणाचा पगार विचारण्यासारखं वाटतं. मला जमलेली युक्ती अशी, की तो एकटा विचारायचाच नाही. माझ्या मुलाला अक्रोडाची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे कुत्रा मोकळा असतो का, स्विमिंग पूलला कुंपण आहे का, बंदूक असेल तर कुलपात आहे ना आणि काडतुसं वेगळ्या ठिकाणी ना? एका दमात, त्याच सुरात. आजवर एकच बाई नाराज झाली. उरलेल्यांपैकी कितीतरी जणींनी मलाच उलट विचारलं, तुमच्याकडे? आणि आपल्याच लोकांना विचारायला विसरू नका. टेक्सासमध्ये मुरलेल्या मराठी घरांतही आता पलंगाशेजारच्या खणात पिस्तूल असतं. पूजेच्या आमंत्रणाच्या फोनवर विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून मी मेसेज करते.

तुमच्या घरात बंदूक असेल तर काडतुसं वेगळी आणि वेगळ्या कुलपात ठेवा, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. आकड्यांचं कुलूप असेल तर मुलाची जन्मतारीख नको. बऱ्याच पोलिस ठाण्यांत बंदुकीसाठी केबलचं कुलूप फुकट मिळतं. टेक्सासचा कायदा इथे फार मदतीला येत नाही. त्यात "मूल" म्हणजे सतराच्या आतलं, आणि गुन्हा होतो तो भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागली तर. सांता फेचा मुलगा सतरा वर्षांचा होता.

मिशिगनमध्ये मात्र २०२४मध्ये ज्युरींनी आईबापांना वेगवेगळ्या खटल्यांत मनुष्यवधाचे दोषी ठरवलं आणि दोघांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ३० नोव्हेंबर २०२१ला ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये चार विद्यार्थ्यांना मारलं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी तो वर्गात फोनवर काडतुसं शोधताना एका शिक्षिकेला दिसला होता. शाळेने आईला कळवलं. आईने मुलाला मेसेज केला, तो असा की मी रागावले नाही, पकडलं जाऊ नये हे तुला शिकायला हवं. तो मेसेज न्यायालयात वाचला गेला. तुम्हाला शाळेकडून असा फोन आला, तर कामावरून निघा. मीटिंग संपायची वाट बघू नका.

घरात काडतुसं सापडली तर

पार्सल बंद असेल आणि दारातच असेल तर घेऊ नका, परत न्यायला सांगा. उघडलं असेल तर कचऱ्यात टाकू नका, गाडीत घालून फिरू नका, शेगडीजवळ ठेवू नका. स्थानिक पोलिसांच्या तातडी नसलेल्या नंबरावर फोन करून घेऊन जायला सांगा. नंबर आजच शोधून फ्रिजवर लावा, त्या दिवशी हात थरथरतात. व्हिसावर असाल तर त्याच वेळी वकिलालाही फोन करा. दुकानाला परत करण्याच्या भानगडीत पडू नका, बहुतेक दुकानं काडतुसं परत घेत नाहीत. कुणाला मारायची धमकी, नकाशा, यादी असं काही सोबत दिसलं तर मात्र सरळ ९११ या तातडीच्या नंबरावर फोन.

आणि मुलाशी बोलताना पहिला प्रश्न "कुणाला मारणार होतास" हा नको. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात. आपल्या घरांत मार्कांचं आणि कॉलेजचं ओझं किती असतं ते मी वेगळं सांगायला नको. "तू बरा आहेस ना?" हे आधी विचारा, मराठीत विचारा. ९८८ हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांना मदत करणारा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनही करता येतो आणि मेसेजही. मुलाने करायचा तसा आईबापांनीही करायला हरकत नाही.

भारतात जाताना

भारतात शस्त्र कायदा १९५९चा. परवान्यासाठी वय एकवीस पूर्ण लागतं, आणि परवाना दाखवल्याशिवाय दुकानदार काडतूस देत नाही. काकांची बंदूक असताना तिची दारू आणि ती पेटवणाऱ्या केपा आणायला ते परवान्याचं पुस्तक पिशवीत घालून जायचे. ऑनलाइन मागवायची सोयच नाही. समाजमाध्यमांवर पिस्तूल घरपोच द्यायच्या जाहिराती दिसतात त्यांच्या नादी लागू नका. एकतर पैसे जातात, नाहीतर पोलिस येतात.

आपल्या लोकांना नडतं ते दुसरंच. रेंजवर नेलेली पाठीवरची बॅग तशीच उचलून मुंबईचं विमान पकडायचं, आणि तळाच्या कप्प्यात एक विसरलेलं काडतूस. भारतातल्या विमानतळांवर अशी प्रकरणं पुन्हा पुन्हा होतात. जाणूनबुजून बाळगलेलं नव्हतं असं पटलं तर उच्च न्यायालयं गुन्हा रद्द करतात, पण तोवर सुट्टी पोलिस ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात जाते. आठवण म्हणून रिकामी पुंगळीही आणू नका. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती देशाबाहेर नेऊच नका.

शेजारच्या आजोबांनी त्या शनिवारनंतर आपली पार्सलं दुकानातून स्वतः उचलायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून पोह्यांची कृती लिहून घेतली. शेंगदाणे किती घालायचे ते तीनदा विचारलं.